घरगुती हवामानकेंद्रातील वायुदाबाच्या सदोष नोंदी : कारणमीमांसा आणि निराकरण

प्रास्ताविक :

घराच्या गच्चीवर अथवा महाविद्यालयाच्या आवारात बसविता येतील अशी छोटी स्वयंचलित हवामानकेंद्रे आता सहज उपलब्ध आहेत. भूगोल, भौतिकशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या विषयांच्या विद्यार्थी-प्रकल्पांत त्यांच्या नोंदींचा आधार घेतला जातो. या केंद्रांबाबतची एक तक्रार नेहमी ऐकू येते : तापमान व पाऊस यांचे आकडे बरे जुळतात, परंतु वायुदाब मात्र शासकीय नोंदीशी जुळत नाही. अशा वेळी उपकरण सदोष ठरवून बाजूला ठेवले जाते किंवा दर्शकावरील आकडा बटण दाबून हवा तसा 'जुळवून' घेतला जातो. हे दोन्ही मार्ग अयोग्य होत. पहिल्याने चांगले उपकरण वाया जाते. दुसऱ्याने त्या दिवसापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींची परस्परतुलनाच अशक्य होते. दोष उपकरणात आहे, मांडणीत आहे की तुलनेत आहे, याचा निर्णय कोणत्या क्रमाने करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. केंद्रदाब आणि समुद्रसपाटीचा दाब

तक्रारींचे मूळ बहुधा दोन भिन्न राशींच्या गल्लतीत असते. संवेदक मोजतो तो त्या जागेवरील प्रत्यक्ष दाब, म्हणजे केंद्रदाब. वृत्तपत्रांतील नकाशे आणि विमानतळांचे हवामानवृत्त यांत दिलेला असतो तो समुद्रसपाटीवर आणलेला दाब. उंचीनुसार दाब घटतो, हे पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए याने १६४८ मध्ये फ्रान्समधील प्यूई द दोम या पर्वतावर पाऱ्याची नळी नेऊन सिद्ध केले. समुद्रसपाटीजवळ ही घट दर ८ ते ९ मीटरला सुमारे १ हेक्टोपास्कल (म्हणजेच १ मिलिबार) इतकी असते.

पुणे शहराची उंची सुमारे ५६० मीटर धरली, तर समुद्रसपाटीचा दाब १०१० हेक्टोपास्कल असताना तेथील केंद्रदाब ९४७ च्या आसपास येतो. महाबळेश्वरच्या सुमारे १३५० मीटर उंचीवर तो ८६० ते ८६५ पर्यंत उतरतो. त्यामुळे दख्खनच्या पठारावरील केंद्राने ९४७ हा आकडा दाखविला, तर तो दोष नसून उपकरण ठीक असल्याची खूण होय. अनेक दर्शकांवर 'निरपेक्ष' व 'सापेक्ष' असे दोन पर्याय असतात. त्यांपैकी पहिला केंद्रदाब दर्शवितो आणि दुसरा समुद्रसपाटीवर आणलेला दाब. तुलना करण्यापूर्वी कोणता पर्याय चालू आहे आणि एकक कोणते आहे, हे पाहावे. पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, पाऱ्याचे २९.९२ इंच आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल हे एकाच दाबाचे तीन उच्चार आहेत.

२. उंचीच्या नोंदीतील चूक

समुद्रसपाटीचा दाब काढण्यासाठी केंद्राची उंची अचूक लागते. ती सुमारे ९ मीटरने चुकली, तर दाब १ हेक्टोपास्कलने चुकतो. दाबाचा संवेदक पुष्कळ संचांत गच्चीवरील भागात नसून घरातील दर्शकात असतो. म्हणून उंची जमिनीची नव्हे, तर दर्शक ज्या मजल्यावर ठेवला आहे तेथील धरावी.

उपग्रहाधारित स्थाननिश्चितीतून मिळणाऱ्या उंचीबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. काही साधने पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची देतात, सरासरी समुद्रसपाटीपासूनची नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात या दोहोंत साठ मीटरांहून अधिक अंतर आहे आणि लंबगोलापासूनची उंची कमी भरते. एवढ्या एकाच चुकीने दाब सुमारे ७ हेक्टोपास्कलने कमी येतो. पडताळणीचे एक साधे साधन जवळच असते : रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर सरासरी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. त्या ठिकाणापासून आपल्या केंद्राचा चढउतार मोजता येतो.

३. तापमानाचा प्रश्न आणि स्थिर दुरुस्तीची मर्यादा

केंद्राखाली समुद्रसपाटीपर्यंत एक काल्पनिक वातस्तंभ आहे असे मानून त्याचा भार केंद्रदाबात मिळविला जातो. थंड हवा अधिक घन असल्याने हा भार तापमानानुसार बदलतो. गणिताची रीत अशी : वातस्तंभाचे सरासरी केल्विन तापमान २९.२७ ने गुणावे. येणाऱ्या मीटरमधील संख्येने केंद्राच्या उंचीस भागावे. त्या भागाकाराचा नैसर्गिक घातांक काढून त्याने केंद्रदाबास गुणावे. आर्द्रतेचा सूक्ष्म परिणाम येथे सोडून दिला आहे.

या रीतीने ५६० मीटर उंची व ९४७ केंद्रदाब यांसाठी २५ अंश सेल्सिअसला सुमारे १०१० हेक्टोपास्कल हे उत्तर मिळते. तापमान १० अंश धरल्यास ते १०१३ होते, तर ३५ अंशांस १००८ च्या खाली जाते. याचा अर्थ असा की, केंद्रदाब तसूभरही न बदलता उत्तरात ५ हेक्टोपास्कलांहून अधिक फरक पडू शकतो. बहुसंख्य स्वस्त संच तापमानाचा विचार न करता एकच ठरावीक आकडा मिळवितात. जानेवारीत जुळविलेले केंद्र मे महिन्यात चुकीचे भासते ते यामुळेच. येथे संवेदक निर्दोष असतो. सदोष असते ती दुरुस्तीची पद्धत.

विमानतळाच्या वृत्ताशी तुलना करताना आणखी एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. वैमानिकांना दिला जाणारा दाब प्रत्यक्ष तापमानावरून नव्हे, तर प्रमाणित वातावरणाच्या ठरीव तापमानावरून काढलेला असतो आणि पूर्णांकात, अपूर्णांक सोडून, दिला जातो. वरील उदाहरणात तो १०१२ येईल. प्रत्यक्ष तापमानाने काढलेला १०१० आणि हा १०१२, हे दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत.

४. तुलनेची वेळ

उष्ण कटिबंधात वायुदाबाला भरतीओहोटीसारखी अर्धदैनिक लय असते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब अधिक असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या काळात दाब साधारणपणे ३ ते ४ हेक्टोपास्कलने उतरतो. हा उतार पाहून उपकरण भरकटते आहे असा समज करून घेऊ नये. उलट, ही लय नोंदीत मुळीच दिसत नसेल तरच शंका घ्यावी.

हवामानवृत्ते जागतिक प्रमाणवेळेनुसार दिली जातात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हे रूपांतर राहून गेल्यास सकाळच्या शिखराची तुलना दुपारच्या तळाशी होऊ शकते. सकाळी साडेआठची (जागतिक वेळ ३) आणि सायंकाळी साडेपाचची (जागतिक वेळ १२) शासकीय निरीक्षणे तुलनेस सोयीची आहेत.

५. प्रयोगशाळेतील फोर्टिन वायुदाबमापक

अनेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत फोर्टिन वायुदाबमापक असतो आणि त्याचा शब्द अंतिम मानला जातो. परंतु त्याचे नुसते वाचन हा अंतिम दाब नव्हे. ३० अंश तापमानास पारा प्रसरण पावलेला असल्याने ७१० मिलिमीटरच्या स्तंभातून सुमारे साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. पुण्याच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण प्रमाणित मूल्याहून कमी असल्यामुळे आणखी सुमारे दीड मिलिमीटर वजा होतात. दोन्ही मिळून ही दुरुस्ती सहा ते सात हेक्टोपास्कलांची होते. ती न करता फोर्टिनच्या वाचनाशी इलेक्ट्रॉनिक केंद्र 'जुळविले', तर बरोबर असलेले उपकरण चुकीचे होऊन बसते.

६. संवेदकाचे खरे दोष

वरील सर्व बाबी तपासूनही तफावत राहिली, तर तिच्या स्वरूपावरून निदान करावे. शांत हवेच्या आठ-दहा दिवसांत एकाच वेळी घेतलेल्या दोन्ही नोंदींतील फरक काढून तो वेळ व तापमान यांच्यासमोर आलेखावर मांडावा.

(अ) फरक सर्व दिवस सारखाच राहिल्यास तो स्थिर दोष होय. घरगुती संचांत आढळणाऱ्या बीएमई २८० सारख्या संवेदकाची निरपेक्ष अचूकता साधारणतः अधिकउणे १ हेक्टोपास्कल असते. अल्पकालीन बदल मात्र तो याहून पुष्कळच सूक्ष्मतेने टिपतो. असा दोष ठरावीक आकड्याने दुरुस्त करता येतो.

(आ) फरक महिनोन्महिने एकाच दिशेने वाढत असल्यास ते संवेदकाचे विचलन होय. याच संवेदकाबाबत वर्षाला सुमारे १ हेक्टोपास्कल विचलन अपेक्षित धरले जाते. म्हणून वर्षातून एकदा पडताळणी आवश्यक ठरते.

(इ) फरक तापमानाबरोबर चढत-उतरत असल्यास प्रथम तिसऱ्या विभागातील कारण तपासावे; त्यानंतर दर्शकावर थेट ऊन पडते काय, ते पाहावे.

(ई) नोंदी अचानक उड्या घेत असल्यास अशक्त विद्युतघट, संवेदकाच्या छिद्रावरील धूळ किंवा दमट हवेत साचलेले पाणी ही कारणे संभवतात. घट्ट बंद खोलीत शोषक पंखा सुरू केल्यानेही दाब किंचित उतरतो.

संवेदक बदल नीट टिपतो की नाही, हे पेरिएच्याच रीतीने पाहता येते. दर्शक निरपेक्ष दाबावर ठेवून तळमजल्यावरून १८ मीटर उंचीच्या गच्चीवर न्यावा. पुण्यासारख्या ठिकाणी आकडा सुमारे २ हेक्टोपास्कलने उतरला आणि परत खाली आल्यावर पूर्ववत झाला, तर संवेदक सक्षम आहे असे मानण्यास हरकत नाही.

समारोप :

निदानाचा क्रम राशी, एकक, उंची, तापमान, वेळ आणि शेवटी संवेदक असा असावा. दुरुस्ती कोणतीही केली, तरी मूळ केंद्रदाबाची नोंद अबाधित ठेवावी आणि दुरुस्तीचा आकडा, तारीख व आधार स्वतंत्र वहीत लिहावा. केंद्रदाब जतन केलेला असेल, तर समुद्रसपाटीचा दाब पुढे केव्हाही नव्याने काढता येतो. तो पुसला गेल्यास ती माहिती पुन्हा मिळत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले, तशा प्रसंगी दाबाची झपाट्याने होणारी घसरण हीच मोलाची नोंद असते. असामान्य आकडा दिसताच तो दोष समजून खोडण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर अशी नोंदच त्यांच्या हातून निसटेल. सदोष नोंद आणि असामान्य नोंद यांतील भेद ओळखण्यास शिकविणे, हे या छोट्या उपकरणाचे मोठे शैक्षणिक मूल्य होय.