बोललेल्या शब्दाचे बळ

तुमच्यापैकी अनेकांनी मुशायरा ऐकला असेल. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो. ऐकणारे ती ओळ उचलून धरतात. शायर क्षणभर थांबतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि मग दुसरी ओळ येते. 'मुकर्रर, मुकर्रर' असा एकच आवाज उठतो. तोच शेर दुसऱ्या दिवशी पुस्तकात वाचला तर शब्द तेच असतात, पण रात्रीची मजा त्यात सापडत नाही. असे का होते? कारण बोललेला शब्द एकट्या बोलणाऱ्याचा नसतो. तो अर्धा ऐकणाऱ्याचाही असतो.

ही गोष्ट पुरती ओळखणारा एक माणूस आपल्या वऱ्हाडात होऊन गेला. तो कधी शाळेत गेला नव्हता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हातात खराटा, असा त्याचा वेश होता. मडक्याला आपण गाडगे म्हणतो. त्यावरून लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. हा माणूस रात्री बोलायला उभा राहिला की हजारो माणसे जागच्या जागी खिळून बसत.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. परीट म्हणजे धोबी. वडिलांना दारूचे व्यसन होते आणि त्यातच ते गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली. हे माहेर म्हणजे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळचे दापुरे. तेथे डेबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शेतीत त्याचा हात चांगला बसला.

पण या घरावर एक संकट आले. ते नीट समजून घ्यायला हवे, कारण बाबांच्या पुढच्या साऱ्या बोलण्याचे मूळ मला त्यात दिसते. मामा चंद्रभानजी साधा, विश्वासू शेतकरी होता. त्याचा सावकाराशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. सावकार सांगेल त्या कागदावर तो अंगठा उठवी. पैसे फेडले तरी पावती मागत नसे. 'शब्द दिला आहे ना' एवढे त्याला पुरे होते. इंग्रजी अमलात कोर्टकचेऱ्या आल्या होत्या आणि कोर्टात शब्द चालत नाही, कागद चालतो. एके दिवशी कागद पुढे आला आणि जमीन गेली. त्या धक्क्याने मामा खचला आणि मरण पावला.

कर्ज, जमीन, वकील, दस्तऐवज, हक्क हे शब्द तुम्हाला उर्दूतून ठाऊक आहेत. मराठीतही ते शेकडो वर्षांपासून आहेत. फारसीतून ते कचेरीच्या वाटेने आले आणि शेतकऱ्याच्या तोंडी बसले. दापुऱ्याच्या त्या मामाच्या जिभेवर यातला प्रत्येक शब्द होता. कागदावर मात्र त्यातला एकही त्याला वाचता येत नव्हता.

सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबू शेतात उभा राहिला आणि 'शेत सोडणार नाही' असे म्हणाला. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. त्या काळी सावकारासमोर मान वर करून बोलणे ही फार मोठी गोष्ट होती. सारे गाव घाबरले. डेबू मात्र हटला नाही. मला वाटते, भित्र्या माणसांच्या गर्दीत एकाने स्पष्ट बोललेल्या शब्दाने काय होते हे त्याने तेथे पहिल्यांदा पाहिले असेल.

दुसऱ्यांदा त्याला सावकारापुढे नव्हे, आपल्याच लोकांपुढे 'नाही' म्हणावे लागले. ते जास्त कठीण होते. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण द्यायची जातीची रीत होती. डेबूने गोडाचे जेवण वाढले. लोक रागावले. पण दारूने घर कसे बुडते हे त्याने वडिलांच्या मरणात पाहिले होते, आणि सणासमारंभाच्या कर्जाने काय होते हेही त्याला कळले होते.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डेबूने घर सोडले. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे तो गावोगाव फिरत राहिला. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचा आणि रस्ते झाडायचे. गटार तुंबले असेल तर ते मोकळे करायचे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तेथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीची चढण चिखलाची, येणारे-जाणारे घसरून पडत. बाबांनी तेथे माती ओढून वाट नीट केली आणि पुढे घाट बांधला गेला. ऋणमोचन या शब्दाचा अर्थच कर्जातून सुटका असा आहे. ज्याच्या घराची जमीन कर्जापायी गेली, त्याने आपल्या कामाचा आरंभ या गावी करावा हा योग मोठा विलक्षण आहे.

दिवसभर हा चिंधीवाला झाडलोट करताना लोक पाहत. कोणी हसत, कोणी शिव्या देत. रात्र झाली की तोच माणूस कीर्तनाला उभा राही. म्हणजे त्याने तोंड उघडण्याआधीच गावाने त्याचे काम पाहिलेले असे. 'गाव स्वच्छ ठेवा' हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. पण तुमच्या दारासमोरचा कचरा दिवसभर उचलून रात्री कोणी ते म्हटले तर ऐकणाऱ्याला खाली बघावे लागते.

कीर्तन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. देवाचे नाव घेत, संतांच्या रचनांचा अर्थ सांगत, गोष्टी सांगत लोकांना उपदेश करण्याची ही महाराष्ट्रातील जुनी पद्धत आहे. मशिदीत किंवा मैदानात होणारा वाज तुम्ही ऐकला असेल, तसेच काहीसे. कीर्तनकार बहुधा शिकलेला असतो. तो संस्कृत श्लोक म्हणतो, ग्रंथांचे दाखले देतो. गाडगेबाबांच्या जवळ यातले काही नव्हते. त्यांना तुकारामांचे अभंग आणि कबीराचे दोहे पाठ होते. बाकी सारे त्यांचे स्वतःचे. आणि त्यांची पद्धत अगदी निराळी होती. ते सांगत कमी आणि विचारत जास्त.

त्यांचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे. ते लोकांना विचारत, जगात देव किती? लोक एका आवाजात म्हणत, एक. मग ते हळूच विचारत, तुमच्या गावात अमुक देव आहे का? लोक म्हणत, आहे. मग देव दोन झाले. आणखी तमुक देव आहे का? आहे. मग तीन झाले. असे करत करत ते मोजत जात. आधी लोक हसत. मग हसता हसता गप्प होत. कारण चूक बाबांनी दाखवलेली नसे. ती त्यांच्याच तोंडून बाहेर आलेली असे. हाच मार्ग ते बकऱ्यांचे बळी, दारू, कर्ज काढून केलेली लग्ने, जातीपातीचा विटाळ यांसाठी वापरत. दुसऱ्याने केलेला उपदेश माणूस या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो. स्वतः चारचौघांत दिलेले उत्तर मात्र त्याला घरापर्यंत सोबत करते.

जुन्या ग्रीस देशात सॉक्रेटिस नावाचा विचारवंत होऊन गेला. उर्दूत तुम्ही त्याला सुकरात म्हणता. तोही बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारी आणि त्यानेही स्वतः एक ओळ लिहिली नाही. बाबांना त्याचे नावही ठाऊक नसावे. मात्र सॉक्रेटिस बहुधा एकेकट्या माणसाशी किंवा चारपाच जणांशी बोले. हजारांच्या जमावाला प्रश्न विचारून त्याच्याकडून उत्तर काढणे हे बाबांचे खास कसब होते. आचार्य अत्रे हे मराठीतील नामवंत वक्ते. सिंह पाहायचा तर रानात आणि गाडगेबाबा पाहायचे तर कीर्तनात, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे महाराष्ट्रात आजही सांगितले जाते.

आता त्यांच्या भाषेविषयी. ती पुस्तकी मराठी नव्हती, वऱ्हाडी होती. 'मला' ऐवजी 'मले', 'कशाला' ऐवजी 'कायले', हे तुम्ही अमरावती-अकोल्याच्या बाजारात रोज ऐकता. वऱ्हाडी माणूस 'तो काय करतो आहे' असे न म्हणता 'तो काय करून राह्यला' असे म्हणतो. जरा कान देऊन ऐका. 'वो क्या कर रहा है' या वाक्याची घडण तुम्हाला त्यात दिसेल. या मुलखात मराठी आणि उर्दू-हिंदी शेजारी शेजारी नांदल्या आणि त्यांनी एकमेकींच्या लकबी घेतल्या. हीच बोली घेऊन बाबा पुण्या-मुंबईला गेले, कोकणात गेले. त्यांनी ती बदलली नाही. शिकलेल्या लोकांच्या सभेत आपली बोली गावंढळ वाटेल अशी लाज त्यांना वाटली नाही. वर्गात मी कितीतरी मुले-मुली पाहतो. त्यांना उत्तर येत असते, पण 'ळ' चुकेल, लिंग चुकेल, कोणी हसेल, म्हणून हात वर होत नाही. अशा वेळी मला बाबांच्या 'कायले'ची आठवण येते.

त्यांच्या शब्दावर लोकांनी पैसा ओतला. नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. बाबांनी स्वतःच्या कुटुंबाला मात्र त्यातून काही दिले नाही. कीर्तन संपले की कोणी पाया पडायला येण्याआधीच ते निघून जात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. या प्रसंगाचे फार कौतुक केले जाते. मला मात्र तो वाचताना घरी असलेल्या आईची, कुंताबाईंची आठवण होते. लोकांसाठी बोलणाऱ्या माणसाच्या घरच्यांना काय सोसावे लागते ते चरित्रांत थोडेच येते.

याच अमरावती जिल्ह्यात यावली गावी १९०९ साली तुकडोजी महाराज जन्मले. ते खंजिरीवर भजने म्हणत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले. त्यामागे या भजनांची चेतावणी आहे असे सरकारला वाटले आणि महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्या हातात फक्त एक खंजिरी होती.

असे असले तरी बोललेल्या शब्दाला एक मर्यादा आहे. ती गाडगेबाबांइतकी कोणाला कळली असेल? बोलण्याने लोक जागे होतात, पण सावकाराचा कागद बोलण्याने फाटत नाही. म्हणून हा निरक्षर माणूस प्रत्येक कीर्तनात एकच हट्ट धरी, मुलांना शाळेत घाला. जेवायचे ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलाला शिकवल्याशिवाय राहू नका, असे ते सांगत. शिक्षणाने माणूस कोठे जातो हे पटवताना ते डॉ. आंबेडकरांचे उदाहरण देत. ज्या शस्त्राने मामाचे घर बुडवले, ते शस्त्र त्यांना गरिबांच्या मुलांच्या हातात हवे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला महाविद्यालय काढले आणि त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठालाही २००५ पासून त्यांचे नाव आहे. तुमच्यापैकी काहींच्या पदवीवर पुढे ते नाव छापलेले असेल.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे, पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे शेवटचे मोठे कीर्तन झाले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते आणि आजारी होते. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.

वांद्र्याच्या त्या कीर्तनाचे सुदैवाने ध्वनिमुद्रण झाले. म्हणून ज्यांनी एक अक्षरही लिहिले नाही त्यांचा आवाज आपल्याला आजही ऐकता येतो. तुम्हाला ते ऐकायला मिळाले तर सगळे शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. प्रश्न विचारल्यावर बाबा लोकांसाठी कसे थांबतात, तेवढे ऐका.