जागच्या जागी फिरणारी सायकल आणि पायांतील बूट

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बख्शी का तालाब हे गाव लागते. हवाई दलाचा तळ आणि ग्रामविकासाचे प्रशिक्षण देणारी उत्तर प्रदेश राज्याची संस्था यांमुळे त्याचे नाव दूरवर परिचित झाले आहे. १९५२ साली देशात समाजविकास योजना सुरू झाली, तेव्हा सुमारे दहा-दहा गावांचा भार सांभाळणारा ग्रामसेवक बहुधा सायकलनेच हिंडत असे. त्याच्या, दूधवाल्याच्या किंवा शाळामास्तरांच्या पायांत साधी चप्पल असे, फार तर कॅनव्हासचे बूट. सायकल चालविण्यासाठी म्हणून निराळे बूट विकत घ्यावयाचे असतात असे त्यांना कोणी सांगितले असते, तर त्यांना हसू आवरले नसते.

आज त्यांच्याच नातवंडांपुढे हा प्रश्न उभा आहे. लखनौ असो की नागपूर, शहरांतील व्यायामशाळांतून एका जागी घट्ट बसविलेल्या सायकलींचे वर्ग चालतात. संगीताच्या ठेक्यावर वीस-पंचवीस माणसे पाऊण तास पायडल मारीत असतात, आणि त्यांत गृहिणींची संख्याही थोडी नसते. वर्गात नाव घातले की आठवड्याभरात कोणीतरी सांगते, "ताई, बूट चांगले घ्या." चांगले म्हणजे कोणते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि काही हजार रुपये खर्चून आणलेली जोडी त्या सायकलीच्या पायडलला बसतच नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो.

आजोबांचे चपलेवर भागले, मग नातीचे का भागू नये? या शंकेचे उत्तर सायकलीच्या मागील चाकात आहे. रस्त्यावरच्या सायकलीला फ्रीव्हील असते. पाय थांबविले की पायडल थांबते आणि चाक आपले फिरत राहते. वर्गातील बहुतेक सायकलींना ते नसते. त्यांचे पुढील जड चाक पायडलशी थेट जोडलेले असते. एकदा ते वेगात आले म्हणजे आपण थांबावयाचे म्हटले तरी पायडल फिरतच राहते आणि पायाला बरोबर ओढीत नेते. अशा वेळी पायातून चप्पल निसटली तर फिरते पायडल नडगीवर आदळते. सुटलेली नाडी अडकली तरी तोच प्रकार. म्हणून टाचेला पट्टा नसलेली कोणतीही वहाण, मग ती कितीही सुरेख कोल्हापुरी असो, या वर्गाच्या दाराबाहेरच ठेवावी. सायकल चटकन थांबविण्याची सोय बहुधा दांडीवरच्या गोल मुठीतच केलेली असते. ती खाली दाबली की चाक थांबते. पहिल्या दिवशी शिक्षकांकडून ही एक गोष्ट अवश्य समजून घ्यावी.

या व्यायामाचा उगमही मोठा मनोरंजक आहे. मूळचे दक्षिण आफ्रिकेतील जॉनी गोल्डबर्ग हे सायकलपटू १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीची तयारी करीत होते. रात्री रस्त्यावर सराव करणे धोक्याचे, म्हणून त्यांनी घरातच जागची सायकल सुरू केली, आणि त्यातून हे वर्ग जन्मास आले. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची हीच शर्यत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. एवढ्या मजलेत बुटांचा तळ किती कठीण आणि किती सोशिक असावा लागतो, याची कल्पना वाचकांनीच करावी. आपल्याला पाऊण तासच काढावयाचा आहे. परंतु नियम तोच आहे.

तो नियम असा. पायडलवर जोर द्यावयाचा तो चवड्याने, म्हणजे बोटांच्या मागे जो रुंद, मांसल भाग असतो त्याने. धावण्याच्या बुटाचा तळ मुद्दाम मऊ आणि लवचीक केलेला असतो, कारण त्याला जमिनीचे धक्के सोसावयाचे असतात. पायडलवर तोच तळ वाकतो, चवड्याखाली पायडलची कड रुतते, आणि पंधरावीस मिनिटांत बोटांना मुंग्या येऊ लागतात. कठीण तळाच्या बुटात हा भार सगळ्या तळव्यावर पसरतो. मधुमेहाच्या रोग्याने तर ही गोष्ट हलकी मानू नये. त्याच्या पायाची संवेदना आधीच मंदावलेली असण्याचा संभव असतो. घट्ट बुटाने कातडी सोलली तरी ते त्याच्या ध्यानात येत नाही, आणि साध्या फोडाची जखम होऊन बसते. अशांनी डॉक्टरांना विचारूनच वर्गाला जावे व घरी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या वर्गातील पायडल नीट पाहून घ्यावे. बहुतेक ठिकाणी त्याच्या एका बाजूस पट्ट्याचा पिंजरा असतो. त्यात कोणताही साधा बूट अडकविता येतो. दुसऱ्या बाजूस एक कळ असते, आणि बुटाच्या तळाशी स्क्रूने बसविलेला 'क्लीट' नावाचा तुकडा तीत खटकन अडकतो. या तुकड्यांचे दोन प्रकार मुख्य आहेत. बर्फावर घसरण्याच्या फळ्यांना बूट अडकविण्याची साधने करणाऱ्या 'लूक' या फ्रेंच कंपनीने १९८४ साली तीन स्क्रूंचा मोठा क्लीट आणला, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो यांनी त्यावर फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत जिंकली. दोन स्क्रूंचा लहान क्लीट जपानच्या 'शिमानो'ने १९९० साली काढला. एकाच्या कळीत दुसरा बसत नाही. बुटाच्या तळाला दोन भोके आहेत की तीन, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. क्लीट बहुधा बुटाबरोबर मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, हेही अगोदर माहीत असावे.

आमच्या मते घरगुती माणसाने, पायडल तसे असेल तर, दोन स्क्रूंचाच प्रकार पसंत करावा. त्यात क्लीट तळाच्या खोबणीत दडलेला असतो व माणसाला सरळ चालता येते. तीन स्क्रूंचा क्लीट तळाबाहेर येतो. गुळगुळीत फरशीवर किंवा जिन्याच्या पायरीवर तो कधी दगा देईल याचा नेम नाही. व्यायामासाठी गेलेल्या माणसाने जिन्यात हाड मोडून घ्यावे, ही काही शोभणारी गोष्ट नव्हे!

मापाचा प्रश्न याहून नाजूक आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१च्या डिसेंबरपासून २०२२च्या मार्चपर्यंत देशभर एक लाखावर लोकांच्या पायांची मापे घेतली. तीत असे दिसून आले की आपले पाय युरोप-अमेरिकेतील लोकांच्या पायांहून सामान्यतः रुंद असतात. परदेशी बेताचे सायकलबूट मात्र चवड्याशी अरुंद असतात. मग ग्राहक काय करतो? रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतो. बूट लांबीला सैल होतो, पाय आत सरकतो, आणि क्लीट जेथे चवड्याखाली यावयाचा तेथे न येता भलतीकडे येतो. मग गुडघा कुरकुरू लागतो. रुंद पायासाठी त्याच नंबरात रुंद साचा मिळतो का, ते विचारावे. न मिळाल्यास दुसऱ्या कंपनीचा बूट पाहावा.

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगलेला असतो. वर्गात घालावयाचेच मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पायांत बूट चढवून उभे राहावे, आणि जो पाय मोठा असेल त्याच्या मापाने निवड करावी. टाच वर उचलली असता ती आत सरकता कामा नये. बोटे मात्र मोकळी हलली पाहिजेत. नाड्यांपेक्षा वेल्क्रोचे पट्टे सोयीचे.

एवढा खर्च पहिल्याच महिन्यात करावा का? मुळीच नाही. कठीण तळाचे, पायाला घट्ट बसणारे खेळाचे बूट घालून पिंजऱ्याच्या बाजूने महिनाभर वर्ग करावा, नाडीची टोके आत खोचावीत, आणि गोडी टिकली तर मग बाजार पाहावा. उत्साह मावळल्यावर कपाटात पडून राहिलेले बूट शेजारणीच्या पायाला क्वचितच येतात.

नव्या क्लीटची सवय चाक थांबलेले असतानाच करावी. टाच बाहेरच्या बाजूस वळविली की बूट सुटतो. दहावीस वेळा अडकवून सोडवून पाहावे. कळ फार घट्ट असल्यास तिचा लहान स्क्रू शिक्षकांकडून सैल करून घ्यावा. बंद खोलीत वारा नसल्याने बूट घामाने भिजतात. घरी आल्यावर आतला तळ काढून ते सावलीत वाळवावेत, उन्हात नव्हे. पावसाळ्यात आत जुने वर्तमानपत्र कोंबून ठेवावे. क्लीटचे स्क्रू महिन्यातून एकदा आवळावेत, आणि त्याच्या कडा झिजून तो आपोआप सुटू लागला की बदलावा. बूट तोच चालतो.