एंजिनाची घडवंची

आपल्या हिंगोली जिल्ह्यात विहिरींवर विजेचे पंप आले असले, तरी वीज नसेल त्या वेळी डिझेल-एंजिनावाचून गती नाही. हस्ताचा पाऊस सरल्यावर वसमतकडील हळदीस पाण्याची पाळी चुकली, तर वर्षाचे श्रम वाया जातात. म्हणून ऐन हंगामात एंजिन बिघडले की शेतकरी ते मिळेल त्या आधारावर ठेवून घाईने खोलतो.

ही चूक आम्हीही केली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एंजिन दगडांच्या थरावर चढविले. जड चक्र काढताच भार दुसऱ्या अंगास कलला, दगड सरकला, आणि आमच्या गड्याच्या पायाची दोन बोटे चिरडली. दोष सर्वस्वी आमचाच होता. तेव्हापासून आम्ही घरचीच घडवंची वापरतो. तिची रीत शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहो.

लाकूड बाभळीचे, पुरते वाळलेले घ्यावे. ओले लाकूड पुढे आकसते व नट ढिले पडतात. 4 इंची चौरस अशा दोन तुळया एंजिनाच्या बैठकीच्या भोकांशी जुळतील इतक्या अंतरावर ठेवाव्या. मधली जागा मोकळी असली म्हणजे खालून तेल काढता येते. उंची 2 फुटांहून अधिक नको. चारही पाय खाली फाकलेले असावेत व जमिनीवरील रुंदी उंचीपेक्षा जास्त ठेवावी. चारही बाजूंस तिरप्या पट्ट्या द्याव्या. सांधे खिळ्यांनी न ठोकता बोल्टांनी आवळावे.

तयार घडवंचीवर एंजिनाच्या दुप्पट वजनाची पोती रात्रभर ठेवून पाहावी. सकाळी एखादा सांधा हललेला दिसला, तर सुताराकडून तो दुरुस्त करून घ्यावा व पुन्हा परीक्षा करावी.

एंजिन चढविण्यापूर्वी त्यातील डिझेल, तेल व पाणी काढून घ्यावे. ते मजबूत तिपाईस टांगलेल्या साखळी-कप्पीने उचलावे. छपराच्या वाशास कप्पी बांधू नये. टांगलेल्या भाराखाली कोणीही हात-पाय घालू नये. एंजिन बोल्टांनी तुळयांस जखडल्यावरच चक्रास हात लावावा. घडवंचीवर एंजिन चालवून मात्र पाहू नये, कारण एका सिलिंडराच्या एंजिनाचा हादरा तिला सोसणारा नव्हे.

हे काम पेरणीनंतरच्या सवडीत उरकावे. गावच्या सुताराची एक-दोन दिवसांची मजुरी व घरचे लाकूड एवढाच खर्च आहे. आमच्या गड्याचा पाय बरा झाला, पण तो अजून लंगडत चालतो. त्याच्याकडे पाहिले म्हणजे हा खर्च आम्ही आधीच का केला नाही, असे आम्हांस रोज वाटते.