शीतयंत्रातील तेल : कुठे हवे, कुठे नको

शीतगृहात थंडी कमी पडली की दोष पहिल्याने मिस्त्रीच्या माथी येतो, आणि 'तेल घातलेस का?' हा पहिला प्रश्न असतो. तेल जितके अधिक तितके यंत्र सुखी, अशी आम्हा कामगारांत वावरणाऱ्यांचीही समजूत होती. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या शीतयंत्रापुरती तरी ती तपासून घेतली पाहिजे.

हा वायू या कामात नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोटींवर मांस गार ठेवण्यास तो वापरीत. १९३० नंतर फ्रिऑन आले व तो मागे पडला. फ्रिऑनने ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, आणि नॉर्वेच्या गुस्ताव लोरेन्ट्सेन यांनी या जुन्या वायूकडे पुन्हा लक्ष वेधले.

कॉम्प्रेसरची झीज टाळण्यास तेल हवेच. परंतु वायूबरोबर थोडे तेल नळ्यांत जाते. गारवा देणाऱ्या कॉइलमध्ये वायूचा द्रव असंख्य बारीक बुडबुडे काढीत उकळतो व उष्णता शोषतो. तेल मात्र उकळत नाही. ते मागे उरते, मिश्रण दाट होते आणि बुडबुडे दबतात. खरवड धरलेल्या पातेल्यात आच वर पोचत नाही, तसेच हे.

उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलची गत निराळी. सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. आपल्या उन्हाळ्यात तो वायुरूपातच, बहुधा ९० ते १०० बार दाबाखाली, निववावा लागतो. तेथे नळीच्या भिंतीला तेलाचा पापुद्रा धरला की उष्णता अडते. बारीक नळ्यांवरील प्रयोगांत शेकडा काही भाग तेलानेही उष्णतावहन निम्म्याहून खाली गेलेले आढळले आहे. मग यंत्र अधिक वेळ चालते आणि विजेचे बिल चढते.

म्हणून कॉम्प्रेसरच्या काचेत तेल उतरलेले दिसले व बाहेर गळती नसली, तर ते नाहीसे झालेले नसते. ते नळ्यांत साचलेले असते. वर आणखी ओतणे म्हणजे अडसर वाढविणे. तेल वेगळे करणारे भांडे व परतीची नळी आधी पाहावी, आणि त्या वायूशी मिसळणारे, कारखान्याने सांगितलेलेच तेल वापरावे. दाब असताना जोड उघडू नये. हा वायू हवेहून जड व गंधहीन असून खाली साचतो आणि माणूस गुदमरतो.

एवढे ज्ञान मिस्त्रीला मालकाने दिले पाहिजे, आणि न दिल्यास ते आपण मागितले पाहिजे.