पिशवी गेली, पण हाडांचं काय?

जानेवारीतल्या पहाटे दौंड तालुक्यात भीमाकाठच्या उसाच्या फडात चांगलीच थंडी असते. वाढ्यांवर दव, पाचटाखाली ओल. पाटस, आलेगाव इथल्या कारखान्यांसाठी तोड करायला बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या अंधारातच फडात उतरतात. अशा थंडीत पस्तिशीतली एखादी बाई कोयता बाजूला ठेवून पदराने तोंड पुसत बसते. अंगातून वाफा निघतात, छातीपासून वर आग चढत जाते, घाम फुटतो आणि पाच-दहा मिनिटांनी हुडहुडी भरते. ‘पिशवी काढल्यापासून असं होतंय’ असं तिने सांगितलं, तर सोबतच्या बायकांना त्याचं नवल वाटत नाही. त्यांच्यातल्याही काहीजणींची पिशवी निघालेली असते.

नवल वाटायला हवं ते डॉक्टरला. कारण नुसती पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्याने लगेच अशा वाफा निघायचं कारण नाही. गर्भाशय हे हार्मोनचा हुकूम पाळणारं इंद्रिय आहे. हुकूम सोडतात ती त्याच्या दोन्ही बाजूंची अंडाशयं, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीची. ती शाबूत ठेवली तर पाळी बंद होते, मूल होत नाही, पण इस्ट्रोजेन रक्तात येत राहतं. मग वाफा कुठून आल्या? बहुतेक वेळा दोनच शक्यता उरतात. एक तर पिशवीबरोबर अंडाशयंही गेली. किंवा ती राहिली, पण त्यांचं रक्त कमी झालं. अंडाशयाला मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून येतो आणि शस्त्रक्रियेत ती धमनी बांधावीच लागते. त्यामुळे राखलेली अंडाशयंसुद्धा काही वर्षं आधी थकतात, असं पाहणीत दिसलं आहे. आपल्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं हे बाईला बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं.

इस्ट्रोजेन हे एकाच रेणूचं नाव नव्हे. पाळीच्या वयात अंडाशयातून येतं ते इस्ट्राडायोल, सगळ्यांत जोरकस. पाळी गेल्यावर उरतं ते मुख्यतः इस्ट्रोन, आणि ते बनतं चरबीत. गरोदरपणी वारेच्या मदतीने तयार होतं ते इस्ट्रिऑल. या सगळ्यांचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. त्यापासून प्रोजेस्टेरॉन, पुढे पुरुषी म्हणवली जाणारी हार्मोन्स, आणि त्यांवर अरोमॅटेज नावाच्या विकराने शेवटचा हात फिरवला की इस्ट्रोजेन. टेस्टोस्टेरॉन हा इस्ट्राडायोलचा थेट पूर्वज आहे, हे ऐकून बऱ्याच पुरुषांना अवघडल्यासारखं होतं.

रक्तात त्याचं प्रमाण किती असावं? एक मिलिलिटर रक्तात पाळीच्या सुरुवातीला काही दहा पिकोग्रॅम, बीज सुटण्याच्या आधी दोनशे ते चारशे. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा पदार्थाला हुडकायला माणसांनी काय खटाटोप केला! १९२३ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी डुकरिणींच्या अंडाशयांतलं पाणी काढून, अंडाशयं काढलेल्या उंदरांना टोचून पाहिलं; उंदीर पुन्हा माजावर आले. १९२९ मध्ये डॉयझींनी आणि स्वतंत्रपणे जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी गरोदर बायकांच्या लघवीतून इस्ट्रोन वेगळं केलं. पुढे १९३५ मध्ये डॉयझींच्या चमूला शुद्ध इस्ट्राडायोल मिळालं, तेव्हा डुकरिणींच्या चार टन अंडाशयांतून हाती आलं सुमारे १२ मिलिग्रॅम. बुटेनांट यांना लिंग-हार्मोन्सवरच्या कामासाठी १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डॉयझींनाही नोबेल मिळालं, पण ते ‘के’ जीवनसत्त्वासाठी.

एवढंसं हार्मोन सगळ्या शरीरावर राज्य कसं करतं, याचं उत्तर शिकागोत एल्वुड जेन्सन यांना १९५८ च्या सुमारास सापडू लागलं. किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्राडायोल त्यांनी प्राण्यांना दिलं आणि ते कुठे अडकून राहतं ते पाहिलं. गर्भाशयाच्या पेशींत त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन होतं, ग्राहक. हार्मोन ग्राहकाला चिकटलं की ती जोडी पेशीच्या केंद्रकात थेट डीएनएवर जाऊन बसते आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद हे ठरवते. १९९६ मध्ये दुसऱ्या प्रकारचा ग्राहक सापडला. तोवर हे ग्राहक हाडांत, मेंदूत, रक्तवाहिन्यांत, मूत्राशयात, कातडीत, जिथे शोधावेत तिथे मिळू लागले होते. अंडाशय फक्त मुलं होण्यासाठी असतं हा समज खरं तर तेव्हाच मोडायला हवा होता.

फडातल्या त्या बाईला येणाऱ्या वाफांचा उगम मेंदूत आहे. हायपोथॅलॅमसमध्ये चेतापेशींचा एक लहानसा गट असतो, त्याला इस्ट्रोजेन एरवी दाबात ठेवतं. दाब सुटला की या पेशी फुगतात आणि उगाचच संदेश सोडत सुटतात. शेजारीच शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे. त्याला वाटतं अंग तापलंय. ते कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतं, घाम काढतं, आणि मुळात न तापलेलं शरीर थंड करून बसतं. म्हणून शेवटी हुडहुडी. नैसर्गिक पाळी जाताना हा बदल काही वर्षांत, चढउतार करत होतो. अंडाशयं कापून काढली तर एक-दोन दिवसांत.

वाफांचा त्रास निदान समजतो तरी. हाडांचा समजत नाही.

हाड शेताच्या बांधासारखं असतं: रोज थोडं ढासळतं, रोज थोडं लिंपलं जातं. हाड खाणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत एक खळगा करतात, आणि बांधणाऱ्या पेशी तो भरायला तीन-चार महिने घेतात. इस्ट्रोजेन खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. त्यांची पैदास कमी ठेवतं, त्यांचं आयुष्य तोकडं करतं. ते गेलं की खळगे जास्त होतात, खोल होतात, आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. बॉस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्येच पाळी गेलेल्या बायकांच्या ठिसूळ हाडांचा संबंध इस्ट्रोजेनच्या तुटवड्याशी जोडला होता. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडाची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. पहिला फटका बसतो तो आतून जाळीदार असलेल्या हाडांना, म्हणजे पाठीच्या मणक्यांना आणि मनगटाला.

मणका आणि मनगट. कोयता चालतो मनगटाने आणि मोळी वाहिली जाते मणक्यावर. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई उभ्या शिडीवरून ट्रकमध्ये चढते. यावर कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे, की वजन उचलल्याने हाड बळकट होतं. पण हाडाला वजनाची जाणीव होऊन ते त्याला उत्तर देतं, त्यातही इस्ट्रोजेनच्या ग्राहकाचा हात असतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे हार्मोन नसताना केलेल्या कष्टाचं पुरतं फळ हाडाला मिळेलच असं नाही. भारतात पाळी सरासरी सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीत जाते. तेहेतिसाव्या वर्षी अंडाशयं गमावलेल्या बाईने ही झीज तेरा वर्षं आधी सुरू केलेली असते. त्यात ती अंगाने काटक. चरबीतून मिळणाऱ्या इस्ट्रोनचा आधारही तिला तुटपुंजाच.

हे बायकांचंच प्रकरण आहे असं मानणाऱ्यांसाठी १९९४ मधला एक रुग्ण. अमेरिकेतल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषात इस्ट्रोजेनचा ग्राहक जनुकातल्या दोषामुळे निकामी होता. टेस्टोस्टेरॉन नीट होतं. पण त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि अजून वाढतच होती, कारण हाडांची टोकं मिटलीच नव्हती; आणि हाडं मात्र ठिसूळ. पुरुषाचं हाडही इस्ट्रोजेनवर उभं असतं, हे डॉक्टरांना त्या माणसाने शिकवलं.

फडात आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल बोललं जात नाही. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लात बाहेरचे जंतू टिकत नाहीत. हार्मोन गेलं की अस्तर पातळ होतं, आम्लता जाते, आणि लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतात. संडास नसलेल्या, पाणी जपून वापरावं लागणाऱ्या कोपीत हे काय असतं याची कल्पना करावी. गंमत म्हणजे अशाच तक्रारींसाठी, अंगावरून पांढरं जातं म्हणून, कितीतरी जणी मुळात डॉक्टरकडे गेलेल्या असतात. गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग, वर कॅन्सरची भीती, आणि खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार हा हिशेब. दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम, असं म्हणून विषय संपतो.

बीड जिल्ह्यातलं हे चित्र २०१९ मध्ये उघड झालं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहामागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशभराचा आकडा १५ ते ४९ वयोगटात ३.२ टक्के होता. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. बिहार, राजस्थान, छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना देखरेखीचे आदेश दिले. हे सगळं पुढच्या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी ठीक. झालेल्यांचं काय?

त्यांच्यासाठी उपाय आहे, आणि तो जुनाच आहे: गेलेलं हार्मोन परत देणं. याची धास्ती बसली ती २००२ मध्ये, अमेरिकेत सोळा हजारांवर महिलांवर चाललेली मोठी चाचणी मध्येच थांबवली तेव्हा. स्तनाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचं दिसलं होतं. पण त्या महिला पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या, पाळी नैसर्गिकपणे गेलेल्या होत्या, आणि त्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनसारखं औषध दिलं जात होतं. हे दुसरं औषध लागतं गर्भाशय असलेल्यांना, त्याचं अस्तर बेसुमार वाढू नये म्हणून. गर्भाशय नसलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, आणि त्या गटाच्या वेगळ्या चाचणीत स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. चाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या बाईने, काही मनाई नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावं असं आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. मात्र डॉक्टरच्या नजरेखाली.

ती नजर कुठून आणायची? शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण काम १९७०च्या दशकात उभं राहिलं, ते स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने. गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवून त्यांनी ते चालवलं; १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथल्या बावीस गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर घरोघरी जाऊन नोंदले जातात. हाडाचा अभ्यास करायचा तर असंच लागतं: तोच माणूस, तेच घर, दहा-वीस वर्षं. ऊसतोडणीची बाई नेमकी उलटी जगते. शस्त्रक्रिया बीडला, वाफा दौंडला, फ्रॅक्चर कुठे होईल ते कुणाला ठाऊक.

तरी कारखान्यांच्या तळांवर आरोग्य शिबिरं भरतात, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिलं जातं. तिथे पिशवी निघालेल्या चाळिशीच्या आतल्या बाईची एक सोनोग्राफी करून अंडाशयं आहेत का ते पाहावं आणि रक्तातलं एफएसएच मोजावं. अंडाशय गप्प झालं की मेंदूखालची पीयूष ग्रंथी त्याला जागं करायला हे हार्मोन जास्त सोडते. आकडा चढलेला असला की कळतं. एकच अडचण. पाळी येणाऱ्या बाईचं एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजतात. हिची पाळीच नाही, तेव्हा महिन्याचा कोणता दिवस सापडला हे कळत नाही. म्हणून चार-सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी लागते. तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते, आणि तिचा पत्ता असतो मुकादमाच्या मोबाइलमध्ये.