पेटीला गळा कोणता द्यावा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांनी पहिल्या पगारातून मोटारीसाठी बारा इंची सबवूफर विकत आणला. परातीएवढी ती काळी वस्तू पाहून सौ.ने कपाळाला हात लावला. "गाणी ऐकायला घरात काय कमी साधने आहेत?" तिने विचारले. चिरंजीव म्हणाले, "आई, खर्ज ऐकायचा तर हाच लागतो. पेटी मात्र मी आणि बाबा घरीच करणार."

त्यांनी मला आधी विचारले नव्हते, हे सांगायला नकोच. पण सुतारकामाची खोड मला जन्माची. रविवारी आम्ही टेप घेऊन डिकीपाशी गेलो आणि पहिलीच अडचण उभी राहिली. डिकीत माझ्या आईची व्हीलचेअर असते. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामोपचारासाठी दवाखान्यात न्यावे लागते. खुर्ची घडी करून ठेवली की सीटच्या मागे चौतीस सेंटीमीटर जागा उरत होती. पेटीने तेवढ्यातच मावायचे, ही आमची अट. आईच्या कानावर ही चर्चा गेली तेव्हा ती म्हणाली, "खुर्ची कशाला? मला धरून न्या, मी चालेन." ती चालू शकत नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, तिलाही होते. म्हणून ती अट मोडायची नाही, असे मी मनाशी ठरवले.

ज्या वाचकांना हा खटाटोप अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघड्यावर ह्या दोन लाटा एकमेकींना पुसून टाकतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून स्पीकर पेटीत कोंडायचा. सगळीकडून बंद पेटी आकाराने लहान आणि चुका पोटात घालणारी. पण तिच्यात मागची लाट वाया जाते. पेटीला ठरावीक मापाचा गळा ठेवला, त्याला पोर्ट म्हणतात, तर त्यातली हवा एका विशिष्ट स्वराला झुलते आणि मागची लाटही पुढच्या लाटेच्या मदतीला येते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांना ह्या युक्तीचे पेटंट १९३२ साली मिळाले. आमचा अँप्लिफायर बेताच्या ताकदीचा. तेव्हा ही फुकटची मदत सोडवेना.

आता गळा कोणता? चिरंजीवांचे मन फटीवर बसले होते. पेटीच्या एका भिंतीलगत आतून फळी लावली की उभी फट तयार होते. ती दिसते देखणी आणि पेटीही मजबूत होते. माझे मत गोल पाइपच्या बाजूने. दोघेही हट्टी. दोन दिवस जेवणाच्या पानावर हाच वाद चालला.

तिसऱ्या दिवशी आई मधेच म्हणाली, "तुमचं ते यंत्र म्हणजे घागरच की रे! विहिरीवर घागर भरताना मी कधी आत डोकावले नाही. पाणी चढत गेले की आवाज बारीक होत जायचा. त्यावरून कळायचे, आता भरली."

आम्ही दोघे गप्प झालो. हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली स्वरांवरच्या आपल्या ग्रंथात हवेच्या पोकळ्यांचा जो विचार मांडला, तोच आईने वरणभाताबरोबर वाढला होता. पोट लहान झाले की स्वर चढतो. गळा रुंद केला तरी स्वर चढतो आणि लांब केला की उतरतो. म्हणजे रुंद गळा हवा असेल आणि स्वर तोच राखायचा असेल, तर गळा लांबवलाच पाहिजे.

चिरंजीवांनी हिशेब मांडला. स्पीकरच्या कागदावर जे आकडे असतात त्यांवरून पेटी ठरवण्याची रीत ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ती वाढवली. त्या रीतीने आमच्या स्पीकरला निव्वळ पन्नास लिटरची पेटी आणि सेकंदाला बत्तीस कंपनांचा, म्हणजे ३२ हर्ट्झचा, स्वर साजत होता. साडेसात सेंटीमीटर व्यासाचा पाइप घेतला तर त्याची लांबी फक्त २० सेंटीमीटर; दहाचा घेतला तर ३९; पंधराचा घेतला तर तब्बल ९३!

मग सर्वांत बारीक पाइप का नको? कारण हवा तितकीच आणि वाट अरुंद. मग ती फुसफुसते. गळ्यातल्या हवेचा वेग सेकंदाला सतरा मीटरच्या आत राहावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पंधराचा पाइप शांत खरा, पण तो पेटीत मावणार कुठे? दहाचा आम्हाला मध्यम वाटला. त्याची तोंडे तुतारीसारखी पसरट ठेवली की फुसफूस आणखी कमी होते.

फटीचा हिशेबही केला. बत्तीस सेंटीमीटर उंच आणि चार रुंद फट हवी तर तिची लांबी सुमारे ६५, म्हणजे पेटीच्या आत वळण घेऊन. तिची पोकळी आणि फळी मिळून बारा लिटर जागा खाणार. पाइप जेमतेम चार लिटर खातो. ह्या आठ लिटरांपायी पेटी साडेचार सेंटीमीटर जाड झाली असती, आणि खुर्ची डिकीबाहेर राहिली असती. पाइपाएवढ्याच क्षेत्रफळाची फट करावी तर ती अडीच सेंटीमीटर रुंद. इतक्या चिंचोळ्या वाटेत हवा भिंतींना घासून जोर गमावते.

आकडे संपल्यावर चिरंजीव थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबा, पाइपच लावू. आजीची खुर्ची राहिली पाहिजे."

अठरा मिलिमीटरच्या एमडीएफची पेटी केली. आतून ५८ बाय ३२ बाय ३० सेंटीमीटर. पाइप ड्रेनेजचाच, नळसामानाच्या दुकानातला. पण ३९ वर कापायची घाई केली नाही. पाइप कापता येतो, वाढवता येत नाही. म्हणून तो ४५ चा ठेवला आणि न चिकटवता बसवला. मोबाइलवरून एक एक स्वर वाजवत खाली उतरलो. ज्या स्वराला पडदा सर्वांत कमी हलतो आणि पाइपातून वारा सर्वांत जोराने येतो, तो पेटीचा स्वर. आईने खुर्चीत बसून पाइपच्या तोंडाशी हात धरला होता. तीसवर ती म्हणाली, "हा बघ, आला वारा!" हिशेबही तीसच सांगत होता. मग करवतीने थोडे थोडे कापत बत्तीसवर आणले. फट असती तर गोंद वाळल्यावर ही दुरुस्ती करता आली नसती.

हा उद्योग करणाऱ्यांना दोन सूचना. पाइपचे आतले तोंड समोरच्या भिंतीपासून निदान पाइपच्या व्यासाइतके दूर ठेवा. आणि पेटीच्या स्वराखाली गेले की पडद्याला हवेचा आधार उरत नाही, तो बेफाम हलून फाटू शकतो. म्हणून अतिखर्ज अडवणारा फिल्टर अँप्लिफायरवर जरूर लावा. आम्ही तो अठ्ठावीसवर लावला आहे.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यातून परत येताना चिरंजीवांनी भजन लावले. पखवाजाची थाप डिकीतून आली ती आसनाखालून आल्यासारखी वाटली. आई डोळे मिटून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "जरा हळू कर. लोक बघतात." आणि आवाज कमी झाल्यावर पुन्हा म्हणाली, "इतका नको रे हळू!"