परकराची नाडी आणि कमरेवरचा काळा पट्टा

आजचा विषय वर्गात उघडपणे बोलला जात नाही आणि घरातही फारसा निघत नाही. आपल्या गिरीज-वाघोलीकडे वयस्कर बायकांच्या कमरेला एक काळपट पट्टा दिसतो. परकराची नाडी रोज त्याच जागी आवळून त्वचेला पडलेला हा वळ. माझ्या आजीलाही होता. विचारलं तर म्हणायची, "अगं, साडी नेसणाऱ्या बाईला हा असायचाच."

बहुतेकींचा तो नुसता वळच राहतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकिगत मांडली. पहिली ७० वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती, घट्ट बांधलेल्या परकरामुळे झालेली. दुसरी साठीच्या शेवटाकडची. ती परकराशिवाय लुगडं नेसायची, तेही ४० वर्षं, कमरेला घट्ट आवळून. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे नवीन आहे असंही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ साली धोतर नेसणाऱ्यांमधल्या अशाच कर्करोगाबद्दल लिहिलं होतं. म्हणजे दोष साडीचा नाही, पुरुषांनाही हे होतं. दोष एकाच जागी रोज पडणाऱ्या दाबाचा आणि घासण्याचा.

होतं काय? नाडी बारीक, त्यामुळे सगळा ताण एका रेघेवर येतो. त्यात आपली वसईची दमट हवा, वाडीतलं काम, घाम आणि माती. कातडी सोलते, थोडी भरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच नाडी. वर्षानुवर्षं अशी चिडलेली जखम क्वचित कर्करोगाकडे वळते. तिला मार्जोलिन व्रण म्हणतात. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही तो होऊ शकतो.

कर्करोग दुर्मीळच. त्याहून नेहमीचे त्रास म्हणजे जेवणानंतर घट्ट पट्ट्यामुळे पोटावर दाब येऊन छातीत जळजळणं, किंवा कमरेजवळची नस दबून मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येणं, आग होणं. हे जीन्सवाल्या मुलींनाही होतं. गणवेशाच्या पँटचं इलॅस्टिक पोटात रुततंय का, हे पालकांनी एकदा बघावं. मुलं सांगत नाहीत, नुसती चुळबुळ करतात. (आपण मात्र "नीट बस" म्हणून ओरडतो!)

उपाय अगदी घरगुती आहे. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा रुंद, सैल इलॅस्टिक लावावं. नाडीच हवी असेल तर बांधायची जागा थोडी वर-खाली बदलावी. घरी आल्यावर सैल कपडे घालावेत. कातडी सोलली असेल तर ती भरेपर्यंत तिथं नाडी नकोच. आणि तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही, कडा जाड झाल्या, रक्त किंवा घाण वास येऊ लागला, तर मलम बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावं.

खरी अडचण इथेच आहे. कमरेची जखम दाखवायला बायका लाजतात, सुनेलासुद्धा सांगत नाहीत. मागच्या पालकसभेत मी हे बोलले तेव्हा सगळ्या गप्प होत्या. सभा संपल्यावर नातवाला न्यायला आलेल्या एक आजी मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, माझं दोन महिने झाले, भरत नाय." दुसऱ्या दिवशी त्यांची सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.